न्यूजलेटरच्या बाजारात छोटा लेखक मागे का राहतो?

पालकसभा संपली की एखाद-दुसरे पालक मागे थांबतात. गुणांचं, हजेरीचं बोलून झालं की हळूच विचारतात, "सर, पोरीला लिहायचा नाद आहे. वह्या भरून ठेवल्यात. हे कुठं टाकायचं असतं?" पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. शाळेचं हस्तलिखित, मग तालुक्याचं साप्ताहिक, मग नशीब असेल तर एखादा दिवाळी अंक. आता पोरं स्वतःच उत्तर घेऊन येतात. म्हणतात, न्यूजलेटर काढायचं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्यूजलेटर म्हणजे लेखकानं वाचकाला ई-मेलनं पाठवलेलं छापील पत्रासारखं लिखाण. वाचक आपला ई-मेल पत्ता देतो आणि दर आठवड्याला लेख त्याच्या पेटीत येऊन पडतो. आवडलं तर महिन्याची वर्गणी भरतो. पत्ते सांभाळणं, पत्रं पाठवणं, वर्गणी गोळा करणं ही कामं एक कंपनी करते आणि वर्गणीतला हिस्सा ठेवून घेते. अशा कंपन्यांतली सर्वांत गाजलेली सबस्टॅक, अमेरिकेत २०१७ साली सुरू झालेली. तिचं आमिष मोठं गोड आहे. संपादक नको, ओळख नको, वशिला नको. लिहा, वाचक थेट तुम्हाला पैसे देतील.

यात खोटं काही नाही. पण अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी आपल्या घरांत कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

कंपनीचा हिशेब

सबस्टॅक लेखकाकडून सुरुवातीला एक पैसा घेत नाही. फुकट लिहा, फुकट पाठवा. वर्गणी सुरू केली की त्यातले १० टक्के तिचे. ऐकायला न्याय्य वाटतं. मोठ्यालाही १० टक्के, छोट्यालाही १० टक्के. आता आठवीच्या गणितासारखं मांडून बघू.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनं जाहीर केलं की पैसे भरणारे वर्गणीदार १० लाखांच्या वर गेले आहेत, आणि सर्वांत वरच्या १० प्रकाशनांची मिळून वर्षाची कमाई २ कोटी डॉलरांहून जास्त आहे. म्हणजे या १० जणांकडून कंपनीला वर्षाला २० लाख डॉलर सुटतात. आता एक छोटा लेखक घ्या. त्याचे २० वर्गणीदार, प्रत्येकी महिना ५ डॉलर. वर्षाची वर्गणी १,२०० डॉलर, कंपनीचा वाटा १२० डॉलर. त्या १० मोठ्यांइतके पैसे मिळवायला असे किती छोटे लेखक लागतील? भागाकार केला तर १६ हजारांच्या वर आकडा येतो.

दुकानदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. १० गिऱ्हाइकं सांभाळली की जे मिळतं, तेच १६ हजार गिऱ्हाइकं सांभाळून मिळणार असेल तर तुम्ही कुणाला खुर्ची द्याल? कुणी वाईट माणूस बसून छोट्यांना ढकलतो असं अजिबात नाही. दरच असा ठेवलाय की लक्ष आपोआप वर जातं. त्यात २०२१ मध्ये गुंतवणूकदारांनी या कंपनीत ६.५ कोटी डॉलर घातले. असा पैसा घालणाऱ्याला वाढ दिसायला हवी असते, आणि नावाजलेला पत्रकार आणला की एका रात्रीत हजारो वर्गणीदार येतात. मालगुंडची बारावीतली मुलगी आणली तर तिचे मामा, मावशी आणि वर्गातल्या चार मैत्रिणी येतात.

म्हणून कंपनीनं निवडक लेखकांना आगाऊ रकमा दिल्या. 'सबस्टॅक प्रो' असं त्या योजनेचं नाव. मॅथ्यू इग्लेसियस या अमेरिकन पत्रकारानं स्वतःच उघड सांगितलं होतं की त्याला पहिल्या वर्षासाठी अडीच लाख डॉलर मिळाले, बदल्यात त्या वर्षीच्या वर्गणीतला ८५ टक्के वाटा कंपनीचा. गंमत अशी की वर्गणी इतकी जमली की आगाऊ रक्कम न घेता नेहमीच्या १० टक्क्यांवर राहिला असता तर त्याला जास्त मिळाले असते. म्हणजे ज्याला आधाराची गरजच नव्हती त्याला आधार मिळाला. नोकरी सोडून लिहायचं धाडस ज्याच्यात नाही, ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचा किराणा हा प्रश्न आहे, त्याला अशा हमीचा खरा उपयोग. पण त्याच्यावर पैसे लावणं म्हणजे कंपनीसाठी जुगार. इन्साफ म्हणून हेही सांगायला हवं की त्याच वर्षी कंपनीनं स्थानिक बातम्या देणाऱ्या लेखकांसाठी १० लाख डॉलरची वेगळी योजना काढली होती. पण ती चालवायची की थांबवायची हे ठरवणार कंपनीच.

दर सारखा दिसला तरी पैसे कापण्यातही एक मेख आहे. वर्गणी कार्डावरून वसूल करणारी कंपनी वेगळी, तिचं नाव स्ट्राइप. तिचा अमेरिकेतला दर प्रत्येक व्यवहाराला २.९ टक्के अधिक ३० सेंट. हे ३० सेंट ठरलेले. व्यवहार छोटा असो की मोठा. ५ डॉलरच्या महिन्याच्या वर्गणीतून दोन्ही कंपन्यांचं मिळून ९५ सेंटच्या आसपास जातं, म्हणजे जवळजवळ १९ टक्के. तेच ५० डॉलर एकदम वर्षाचे भरले तर साडेतेरा टक्के. वर्षाची वर्गणी आगाऊ कुणाला मिळते? ज्याच्यावर वाचकाचा आधीच भरवसा बसलाय त्याला. नवख्याला वाचक म्हणतो, एक महिना बघू.

वर कोण दिसतं

पैशापेक्षा मोठा प्रश्न दिसण्याचा आहे. अशा ठिकाणी याद्या असतात: या विषयातले सर्वाधिक वर्गणीदार असलेले लेखक, वेगानं वर चढणारे लेखक. नवा वाचक आला की तो यादी बघतो. यादीत वर असलेल्यावर बोट ठेवतो. त्या बोटामुळे तो लेखक आणखी वर जातो. २०२२ पासून सबस्टॅकवर एक लेखक दुसऱ्याची शिफारस करू शकतो. एकाची वर्गणी घेतली की लगेच पडद्यावर येतं, हेही वाचा. सोय चांगली आहे, छोट्यांनाही तिचा फायदा झालाय. पण शिफारशीचं वजन शिफारस करणाऱ्याच्या वाचकसंख्येइतकंच. लाख वाचक असलेल्याची शिफारस आणि चाळीस वाचक असलेल्याची शिफारस एका तराजूत बसत नाहीत, आणि लाखवाला बहुधा आपल्या ओळखीच्या दुसऱ्या लाखवाल्याचंच नाव घेतो.

आमच्या पालकांना हे यूट्यूबवरून पटकन कळतं. २०१८ साली यूट्यूबनं नियम केला की जाहिरातीचा वाटा हवा असेल तर किमान १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलेलं असायला हवं. ज्यांच्याकडे तेवढं नव्हतं त्यांची कमाई बंद. व्हॉट्सॲप चॅनेलचंही तसंच. ते २०२३ च्या सप्टेंबरमध्ये भारतात आलं, आणि चॅनेल शोधायला गेलं की 'लोकप्रिय' ही एक ओळ दिसते, फॉलोअरच्या संख्येवर लावलेली. कथांच्या प्रतिलिपीवर, जिथं मराठीत लिहिणाऱ्या आपल्या कित्येक बहिणी आहेत, तिथंही वाचकसंख्या आणि फॉलोअर हेच चलन.

यावर कुणी म्हणेल, "सर, चांगलं असेल ते वर जाणारच ना?" हा प्रश्न अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी, मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी, नीट तपासून पाहिला. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रयोग छापून आला. फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी घेतली. १४ हजारांहून जास्त लोकांना ती ऐकवली आणि हवी ती उतरवून घ्यायला सांगितली. एका गटाला फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगळे गट, प्रत्येक गटाला आपल्याच गटात कोणतं गाणं किती जणांनी घेतलं तो आकडा दिसत होता. जणू आठ वेगवेगळ्या दुनिया, गाणी तीच.

आकडे दिसू लागले की मोठी गाणी आणखी मोठी झाली आणि छोटी आणखी छोटी. हे अपेक्षितच. चकित करणारी गोष्ट पुढची. प्रत्येक दुनियेत मोठं झालेलं गाणं वेगळं होतं. '५२ मेट्रो' नावाच्या बँडचं 'लॉकडाउन' हे गाणं आकडे न बघणाऱ्या गटात मधोमध, २६ वं. एका दुनियेत ते पहिलं आलं, दुसऱ्या दुनियेत ४० वं. गाणं तेच, ऐकणारे तसेच, फरक फक्त सुरुवातीला कुणी कशावर बोट ठेवलं याचा. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. पुढच्या प्रयोगात गाणी आकड्याप्रमाणे वरपासून खालपर्यंत एका ओळीत लावली, तेव्हा दरी आणखी वाढली.

आता विचार करा. आपल्यातले बहुतेक लिहिणारे त्या मधल्या गाण्यांसारखेच असतात. उत्तम होण्याच्या वाटेवर, अजून झालेले नाहीत. यादी त्यांनाच सर्वांत जास्त हलवते. पोरगी तीन महिने लिहून आकडा बघते, अकरा वाचक, आणि वही मिटते. तिला वाटतं, लिखाणच वाईट. तसं काही सिद्ध झालेलं नसतं.

मुशायऱ्याची रीत

आपल्या तहजीबमध्ये या दुखण्यावर एक जुना उपाय आहे, आणि तो आम्हाला कोणत्याही कंपनीच्या यंत्रापेक्षा शहाणा वाटतो. मुशायऱ्यात आधी कोण पढतो? नवखा. मग त्याच्याहून जरा मुरलेला, मग उस्ताद, आणि सर्वांत शेवटी सद्र. जुन्या काळी शमा एकेकाच्या पुढ्यात सरकायची तीही याच क्रमानं. लोक आलेले असतात उस्तादासाठी. पण उस्तादाला ऐकायचं तर त्याआधीच्या सहा जणांना ऐकावंच लागतं. त्यातला एखादा शेर बसला की 'मुकर्रर, मुकर्रर' होतं आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर लोक विचारतात, तो सुरुवातीचा मुलगा कोणाचा?

म्हणजे मोठ्या नावानं जमवलेली गर्दी छोट्याच्या कामी येते. न्यूजलेटरच्या यादीत हे बरोबर उलटं आहे. तिथं सद्र पहिला बसतो आणि त्याचं ऐकून लोक उठून जातात.

मुशायरे आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत हे आम्हाला माहीत आहे. टीव्हीवर दिसणारा शायर विमानानं येतो, पाकीट घेऊन जातो, आणि गावातल्या शायराला बिर्याणी आणि शाल. तिथंही मोठं नावच बजेट खातं. पण क्रम अजून टिकलाय. निदान तेवढं.

मालगुंडचा मास्तर

गणपतीपुळ्याला येणारे पर्यटक आमच्या गावात केशवसुतांचं स्मारक बघायला येतात. कोकण मराठी साहित्य परिषदेनं ते उभं केलं, १९९४ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. शाळांच्या सहली येतात, मुलं फोटो काढतात. कृष्णाजी केशव दामले हे त्यांचं नाव, जन्म १८६६ चा. पेशानं शाळामास्तर. आयुष्यभर बदल्या, ओढाताण, आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं मृत्यू, वय चाळिशीच्या आत. आज त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात. पण हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. ह. ना. आपट्यांनी 'केशवसुतांची कविता' प्रसिद्ध केली ती १९१७ साली, कवी जाऊन १२ वर्षं झाल्यावर.

तोवर त्यांच्या कविता जगल्या कुठं? नियतकालिकांत. आपट्यांचं 'करमणूक' साप्ताहिक १८९० ला सुरू झालं. आपटे स्वतः त्या काळचे सर्वांत वाचले जाणारे कादंबरीकार. लोक 'करमणूक' घ्यायचे ते आपट्यांच्या कादंबरीचं पुढचं प्रकरण वाचायला, आणि त्याच अंकात या मास्तराची कविता असायची. तिकडे जळगावहून नारायण नरसिंह फडणीस फक्त कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' हे मासिक चालवत. त्यातही केशवसुत छापले जात. मुशायऱ्याचीच रीत झाली की नाही? मोठ्याच्या गर्दीत छोट्याला जागा.

आपल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. मराठीतलं पहिलं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, केशवसुतांनी १८९२ साली लिहिली असं मानतात. तिचं नाव 'मयूरासन आणि ताजमहाल'. शाहजहानच्या दोन निर्मितींवरची कविता मालगुंडच्या माणसाच्या हातून मराठीत एका नव्या आकारात आली. शाळेत आम्ही हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

त्या काळच्या संपादकांचं उगाच कौतुक करायचं नाही. त्यांचे गोतावळे होते, जात होती, पुण्या-मुंबईचा डौल होता. कित्येकांच्या कविता केराच्या टोपलीत गेल्या असतील आणि त्यांची नावंही आपल्याला कळणार नाहीत. पण संपादकाला एक गोष्ट करता यायची जी यादीला करता येत नाही: आज वाचक नसलेल्या माणसासाठी एक पान खर्च करणं. यादीला फक्त झालेलं दिसतं. पुढं कोण होईल हे माणसालाच दिसतं, आणि तेही कधीमधी.

आपल्यासाठी दरवाजा आणखी अरुंद

वर सांगितलेलं सगळं अमेरिकेतल्या छोट्या लेखकालाही लागू आहे. आपल्याला त्यावर आणखी अडचणी. पहिली पैसे घेण्याची. सबस्टॅकची वर्गणी स्ट्राइपमधून येते, आणि स्ट्राइप २०२४ पासून भारतात नव्या व्यावसायिकांना फक्त निमंत्रणावरच खातं देते. म्हणजे फुकट न्यूजलेटर कुणीही काढावं, पण रत्नागिरीतल्या नवख्या लेखकानं 'वर्गणी सुरू करा' हे बटण दाबलं की गाडी तिथंच अडते. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर ग्राहकाची आधी रीतसर मंजुरी लागते. नियम चांगला आहे, लोकांचे पैसे नकळत जायचे ते थांबलं. पण परदेशी कंपन्यांची छोट्या रकमेची मासिक वर्गणी त्यात अडखळली.

नामवंत लेखकाचं यात फारसं बिघडत नाही. त्याचं परदेशात खातं असतं, प्रकाशक असतो, नाहीतर सरळ व्याख्यानाचं मानधन असतं. अडतो तो ज्याला महिन्याला हजार-दीड हजार रुपये मिळाले असते आणि तेवढ्यानं इंटरनेटचा खर्च निघाला असता तो. आणि आपला वाचक तर विखुरलेला. कुवेत, दुबई, मस्कत, केपटाऊन. तिथं बसलेला आपला माणूस गावच्या भाषेतलं दोन पानं वाचायला खुशीनं पाच डॉलर देईल. त्याच्याकडे कार्ड आहे, इकडे घ्यायला खिडकी नाही.

दुसरी अडचण भाषेची. याद्या विषयवार असतात: राजकारण, तंत्रज्ञान, खाद्य. त्यात इंग्रजीशी मराठीची शर्यत. महाराष्ट्रातल्या कोकणी मुसलमानाच्या घरातलं मराठी लिखाण त्या यादीत कितव्या पानावर येईल याचा हिशेब करायलाच नको.

आणि हे आपल्यासाठी नवीन नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहून गेले, तरी 'मुसलमान आणि मराठीत?' हा प्रश्न आम्हाला आजही शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतो. मोठ्या संमेलनांच्या मांडवात आपल्या लिहिणाऱ्यांना जागा कमी पडली, म्हणून १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. तिथं आलेल्यांपैकी किती जण नामवंत होते? फार थोडे. मांडव घातला, सतरंज्या अंथरल्या, आणि एकमेकांना ऐकलं. एकमेकांना वाचणारे पन्नास जण जमले की त्यातून पुढचे दहा लेखक घडतात, ही गोष्ट तिथं दिसली.

मग पोरीला काय सांगायचं?

न्यूजलेटर काढू नको, असं आम्ही सांगत नाही. उलट मुलींसाठी त्यात एक मोठी सोय आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिलं की तिचा नंबर शेकडो अनोळखी लोकांच्या हातात जातो, आणि त्यानंतर काय सुरू होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. ई-मेलनं लेख पाठवला तर नंबर कुणाकडे जात नाही. फक्त त्यासाठी वेगळा ई-मेल पत्ता काढा, घरचा वापरू नका, आणि हवं तर टोपणनाव घ्या. केशवसुत हेही टोपणनावच होतं.

पण वाचकांच्या पत्त्यांची यादी आपल्या हातात ठेवा. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर बाकी सगळं सुधारता येतं. कारण या कंपन्या येतात आणि जातात. टायनीलेटर नावाची एक साधी, फुकट सोय होती, छोट्या लेखकांची लाडकी. मालक कंपनीनं २९ फेब्रुवारी २०२४ ला ती बंद केली. रेव्ह्यू नावाची दुसरी, ट्विटरनं २०२१ मध्ये विकत घेतली आणि १८ जानेवारी २०२३ ला गुंडाळली. ज्यांनी वाचकांचे पत्ते उतरवून घेतले होते ते दुसऱ्या दिवशी दुसरीकडून लिहू लागले. सबस्टॅकसारख्या ठिकाणी यादी फाइल करून उतरवून घेण्याची सोय सेटिंगमध्ये असते. महिन्यातून एकदा ती घ्यायची. यूट्यूबचे सबस्क्रायबर किंवा व्हॉट्सॲप चॅनेलचे फॉलोअर असे उचलून नेता येत नाहीत, तिथं ते कंपनीचेच राहतात. मोठ्या लेखकाला याची फिकीर कमी, त्याचा वाचक त्याला शोधत येतो. छोट्याचा येत नाही.

पैशाचा विचार पहिल्या वर्षी सोडून द्या. शंभर माणसं दर आठवड्याला खरोखर उघडून वाचतात का, एवढंच बघा. आणि आकडा रोज बघू नका. परीक्षेच्या निकालासारखा महिन्यातून एकदा.

विषयाचं म्हणाल तर मोठ्या लेखकाच्या वाटेला जाऊच नका. दिल्लीच्या राजकारणावर लिहायला तिथं लाखवाले बसलेत. पण जयगडच्या खाडीत कोणत्या महिन्यात कोणती मासळी लागते, नानी सांदण करताना तांदूळ किती भिजवायची, आखातातून पैसे यायच्या आधी गावात घरं कशी चालायची, आपल्या बोलीतले कोणते शब्द आता फक्त आजीच्या तोंडी उरलेत, हे लिहिणारा त्या याद्यांत वर कुणीच नाही. तिथं स्पर्धाच नाही. आणि कुवेतमधला माणूस पैसे देईल तर यालाच देईल.

एकट्यानं मात्र करू नका. पाच जणी मिळून करा. रत्नागिरीची एक, चिपळूणची एक, मुंब्र्याची एक. प्रत्येकीनं आपल्या पत्राच्या शेवटी बाकीच्या चौघींची नावं द्यायची. शिफारशीचं यंत्र मोठ्यांच्याच बाजूनं झुकतं हे वर पाहिलं, पण पाच छोट्यांनी एकमेकांची शिफारस केली तर पाच ठिकाणचे तीस-तीस वाचक एकमेकांत फिरतात. यात कंपनीची परवानगी लागत नाही.

शेवटचं आमच्यासारख्या मोठ्यांसाठी. गावोगावच्या जमाती आणि तरुण मंडळं ईदला स्मरणिका काढतात. पहिल्या पानावर आमदारांच्या शुभेच्छा, मग प्रमुख पाहुण्यांचा लेख, मग जाहिराती, आणि मुलांच्या कविता सगळ्यात मागे, कापडाच्या दुकानाच्या जाहिरातीखाली तिरक्या लावलेल्या. यंदा अंक लावायला बसाल तेव्हा मुशायऱ्याच्या क्रमानं लावून बघा. पहिली आठ पानं ज्यांचं आजवर काहीच छापून आलेलं नाही त्यांची, आणि पाहुण्यांचा लेख नवव्या पानापासून. लोक पाहुण्यांचा लेख शोधत पानं उलटतील, तेव्हा ती आठ पानं त्यांच्या बोटाखालूनच जातील.